एका युनिटाचे पाणी

दसरा होऊन दोन दिवस झाले होते. आक्काचा फोन आला, आणि ख्यालीखुशाली विचारायच्या आधीच ती म्हणाली, ‘‘तू चार दिवस इकडं ये. बाप-लेक एका ताटाला बसेनासे झालेत. तुझं दाजी ऐकतात, म्हणून म्हणते.’’

दाजी माझे ऐकतात हा आक्काचा गोड गैरसमज आहे. आमच्या लग्नापासूनच्या पस्तीस वर्षांत दाजींनी माझे एकच म्हणणे ऐकले, आणि तेही चहात साखर कमी घाला एवढेच. पण बहिणीच्या हाकेला नाही म्हणता येत नाही. शिवाय नांदेडचा गुरुद्वारा पाहायचा राहून गेला होता, आणि भाचेबुवा त्याच आठवड्यात कामानिमित्त नांदेडला असणार होते. तेव्हा नांदेडला उतरायचे, तिथून त्यांच्या मोटारीने लातूर, आणि लातूरवरून औसा तालुक्यातल्या आक्काच्या गावी, असा बेत ठरला. ही गोष्ट २०२४ च्या दिवाळीपूर्वीची.

आता भांडण कशाचे, ते सांगण्याआधी भाचेबुवांचा धंदा सांगायला हवा. तिथूनच सगळे सुरू झाले.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत डॉक्टर समजतो, वकील समजतो, आणि आता कॉम्प्युटरवाला तर न समजून चालतच नाही. पण ‘ऊर्जा सल्लागार’ म्हणजे काय? भाच्याचे लग्न जमवताना मुलीच्या आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारले होते, ‘‘म्हणजे घरोघर जाऊन मीटर वाचतात का हो?’’ मी म्हणालो, ‘‘मीटर वाचतात खरे, पण पुढे तो कमी फिरावा म्हणून उपाय सांगतात.’’ आजोबा विचारात पडले. ‘‘आणि त्याचे लोक पैसे देतात?’’

देतात हो! २००१ साली आपल्याकडे ऊर्जा संवर्धनाचा कायदा झाला, आणि मार्च २००२ पासून त्यासाठी एक सरकारी ब्यूरो काम करू लागला. आपल्या फ्रिजवर आणि पंख्यावर चांदण्यांची चिठ्ठी असते ना, ती याच ब्यूरोची. मोठ्या कारखान्यांनी आपल्या विजेचा आणि इंधनाचा हिशेब तपासून घ्यावा, आणि तो तपासणारी माणसे परीक्षा देऊन तयार व्हावीत, अशी सोय त्या कायद्याने झाली. आमचे भाचेबुवा त्या परीक्षेचे चार पेपर देऊन पास झाले. त्याआधी सात वर्षे ते पुण्याजवळच्या एका कारखान्यात चांगल्या पगारावर होते. कॉलेजात असताना त्यांनी डॉ. आनंद कर्वे यांच्या कामाविषयी वाचले होते. महर्षी कर्वे यांचे नातू, इरावतीबाईंचे चिरंजीव. शेतात जाळून टाकतात त्या उसाच्या पाचटाचा कोळसा कसा करावा आणि स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर गॅस कसा चालवावा, यांवर त्यांच्या ‘आरती’ या संस्थेने काम केले, आणि २००२ व २००६ साली तिला इंग्लंडचे ॲशडेन पारितोषिक मिळाले. ‘‘मामा, आमच्या शिवारात दरसाल पाचट पेटलेलं मी पाहायचो. ती नुसती आग नाही, ते घरातलं धान्य जाळणं आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं,’’ असे तो मला एकदा म्हणाला होता. पुढे नोकरी सोडून तो लातूरला येऊन राहिला. दाजींना ते मुळीच आवडले नाही. पोराने पुण्याचा पगार सोडून गावाकडे यायचे, तर निदान शेती पाहायला यावे. हा आला तो लोकांची बिले पाहायला!

नांदेडला पहाटे उतरलो. फलाटावर भाचेबुवा हजर होते. हातात एक जाडी वही, आणि गळ्यात चष्म्यासारखे अडकवलेले एक यंत्र. लांबूनच कोणत्याही वस्तूचे तापमान सांगते म्हणे. मला नमस्कार करून त्याने पहिल्यांदा ते यंत्र माझ्या चहाच्या कपावर धरले. मला मोठी गंमत वाटली.

सचखंड गुरुद्वाऱ्याचे दर्शन घेतले. गुरू गोविंदसिंहांनी १७०८ साली इथेच देह ठेवला, आणि आपल्यानंतर ग्रंथसाहेबच गुरू, असे इथेच सांगितले. आजची वास्तू महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. पंजाबातून आलेल्या म्हाताऱ्या बायका आणि देगलूर-बिलोलीकडचे शेतकरी एका पंगतीला बसून जेवत होते. आम्हीही बसलो. वाढणाऱ्याला दोन्ही हात पसरून रोटी मागायची, ही तिथली रीत मला फार आवडली. हातावर रोटी पडली आणि मनातले ‘मी कोण’ थोडा वेळ गळून गेले. भाचेबुवा मात्र जेवता जेवता म्हणालेच, ‘‘मामा, हजार घरांनी हजार चुली पेटवल्या तर किती सरपण लागेल? एका मोठ्या कढईत दर माणशी लागणारं इंधन सगळ्यांत कमी असतं. पंगत ही जुन्या लोकांची मोठी काटकसर आहे.’’ मी म्हणालो, ‘‘बाबा रे, आधी जेव.’’

दुपारी गोदावरीवर गेलो. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता आणि नदी दोन्ही अंगांनी भरून वाहत होती. शहराला लागूनच विष्णुपुरीचा बंधारा आहे. इथले पाणी पंपांनी उचलून नांदेड, लोहा, कंधारकडच्या चढाच्या शेतांना देतात. या भागाचे पुत्र आणि राज्याचे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांनी पाण्याच्या कामांचा ध्यास घेतला होता, आणि हे त्यांतलेच एक काम. जलाशयालाही त्यांच्या नावाने ‘शंकर सागर’ म्हणतात. मी कौतुकाने पाहत होतो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यातून मुक्त झाला, तेव्हा त्याच्या पदरी पाटबंधारे कितीसे होते? भाचेबुवा कठड्याला टेकून म्हणाले, ‘‘पाणी उतारावरून धावतं तोवर फुकट असतं. चढावर न्यायचं म्हटलं की त्याला भाडं पडतं. ते भाडं म्हणजे वीज.’’ त्याच्या धंद्याचे सारे तत्त्वज्ञान या दोन वाक्यांत आले. पुढच्या तीन दिवसांत मला ते चार ठिकाणी भेटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. लोह्याजवळ माळेगाव लागते. खंडोबाच्या यात्रेत घोडे, उंट, गाढवे यांचा इथे मोठा बाजार भरतो. या दिवसांत माळ मोकळा होता. तिथून मुद्दाम वाकडी वाट करून कंधारला गेलो, कारण भाचेबुवांचा छंद. हो, या हिशेबी माणसाला एक बिनहिशेबी छंद आहे. सुट्टीच्या दिवशी सायकल काढून तो जुन्या बारवा आणि तळी पाहत हिंडतो. प्रत्येक बारवेत उतरायचे, पाण्याबाहेर किती पायऱ्या उघड्या आहेत त्या मोजायच्या, आणि वहीत तारीख घालून लिहायच्या. बस्स! ना फोटो, ना कुठे छापणे. मी विचारले, ‘‘याचा उपयोग?’’ म्हणाला, ‘‘उपयोग नाही. गणपतीत कोणी आरास पाहत हिंडतं ना, तसं.’’

कंधारचा किल्ला राष्ट्रकूटांच्या काळातला. भोवती पाण्याचा खंदक आहे, आणि गावाजवळ ‘जगत्तुंग सागर’ या भारदस्त नावाचे जुने तळे. इथे ना मोटार, ना तार, ना बटन. पडलेल्या पावसाला राजाने थांब म्हटले आणि तो थांबला, एवढेच. हजार वर्षे होऊन गेली. भाचेबुवा काठावर उकिडवे बसून वहीत काहीतरी लिहीत होते. आणि मला वाटले, या पोराचे दाजींशी भांडण कसे होते? दोघांचाही जीव पाण्यातच अडकला आहे.

अहमदपूर, चाकूर करीत लातूरला पोचलो. लातूर म्हणजे गंजगोलाई. मध्ये वाटोळी इमारत, आत जगदंबेचे देऊळ, आणि तिच्यापासून चाकाच्या आऱ्यांसारखे सोळा रस्ते फुटलेले. प्रत्येक रस्त्याला आपला बाजार. निजामी अमलातले नगररचनाकार फैयाजुद्दीन यांची ही आखणी. सोयाबीनच्या राशी येऊ लागल्या होत्या, हमाल घामेघूम होते, आणि दर ऐकून शेतकऱ्यांचे चेहरे उतरले होते. त्या वर्षीचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. बाजार त्याच्या पुष्कळ खाली बोलत होता.

भाचेबुवांचे एका डाळमिलमध्ये काम होते. लातूरची तूरडाळ आपल्या पुण्या-मुंबईच्या डब्यांत असतेच. मिल कशी पाहतात ते पाहायला मीही गेलो. मला वाटले होते, मोठमोठी यंत्रे लावून तपासणी होईल. तसे काही नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळी यंत्रे थांबली तेव्हा हे गृहस्थ डोळे मिटून उभे राहिले. ‘‘ऐका मामा.’’ मला काहीच ऐकू येईना. मग हळूहळू एक बारीक ‘स्स्स्’ ऐकू आला. डाळ निवडायचे यंत्र खराब दाणा दिसताच वाऱ्याची फुंकर मारून त्याला बाजूला उडवते. ती फुंकर तयार करायला हवा दाबून नळीत भरावी लागते, आणि नळीला कुठेतरी भोक होते. मुगाच्या दाण्याएवढे! ‘‘एवढ्या भोकातून साधारण पाच हॉर्सपॉवरची मोटर रात्रंदिवस वाया जाते,’’ त्याने मालकाला सांगितले. ‘‘म्हणजे आमच्या अप्पांच्या शेतातला अख्खा पंप तुमच्या या भोकात चालू आहे.’’ मालक आधी हसले, मग बिल आठवून गंभीर झाले, आणि मग त्यांनी फिटरला हाक मारली. भाच्याचा त्या दिवसाचा मेहनताना त्या भोकानेच दिला म्हणायचा.

संध्याकाळी स्टेशनाकडे फिरायला गेलो. हे स्टेशन सगळ्या देशाला ठाऊक झाले ते २०१६ च्या एप्रिलात. मांजरा धरण कोरडे पडले, नळाला कित्येक दिवस पाणी नाही, पाणी भरण्याच्या जागी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी पुकारलेली, आणि मिरजेहून पाण्याची आगगाडी सुटली. १२ एप्रिलच्या पहाटे ती इथे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला पंचवीस लाख लिटर आणू लागली. कृष्णेचे पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटर रुळांवरून आले! कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे लातूरला येणारी ही लाईन मूळची बार्शी लाईट रेल्वेची अरुंद लोहवाट. त्याच वाटेने एके काळच्या भरल्या मुलखाला पाणी आणावे लागले.

‘‘आणि दुसरं सांगू?’’ भाचेबुवा म्हणाले. ‘‘परळीचं वीज केंद्र इथून फार लांब नाही. २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली ते बंद ठेवावं लागलं. कोळसा नव्हता म्हणून नाही, पाणी नव्हतं म्हणून. वाफ करायला पाणी लागतं, ती थंड करायला पाणी लागतं. पाणी उपसायला वीज हवी, आणि वीज करायला पाणी हवं. दोन उपाशी भाऊ एकमेकांच्या ताटावर बसलेत.’’ फलाटावर तुरळक माणसे होती. मला आक्काचे शब्द आठवले : एका ताटाला बसेनासे झालेत.

तिसऱ्या दिवशी औशावरून गावी गेलो. ‘‘या, मामा, कधी आलाव नांदेडला?’’ म्हणून दाजींनी स्वागत केले. लेकराच्या मामाला ते मामाच म्हणतात. लेकाकडे मात्र पाहिलेही नाही. आक्काने डोळ्यांनीच मला खूण केली.

भांडण असे होते. दाजींची शेती सहा एकर. दोन एकरांत ऊस, बाकी सोयाबीन-तूर. पाचशे फुटांवर गेलेले दोन बोअर. दाजींना आणखी दोन एकर ऊस करायचा होता, आणि त्यासाठी आठशे फुटांचा तिसरा बोअर दिवाळीआधी मारायचा होता. बोअरची गाडीही सांगून ठेवलेली. मुलाचा त्याला कडकडून विरोध.

त्याने मला वहीतला हिशेब दाखवला. ‘‘पाचशे फुटांवरून एक हजार लिटर पाणी वर आणायला जवळजवळ एक युनिट जातं. एकरभर उसाला पावसाशिवाय पन्नास लाख लिटर पाणी धरा. म्हणजे वर्षाला पाच हजार युनिटं.’’ माझ्या पुण्याच्या चार माणसांच्या बिऱ्हाडाला वर्षाकाठी दोन हजार युनिटे लागत नाहीत. एक एकर ऊस म्हणजे अडीच बिऱ्हाडे! ‘‘आणि आठशे फुटांवर गेलं की तेच पाणी दीडपटीच्याही वर महाग.’’

‘‘महाग कुणाला रे?’’ दाजी ओट्यावरून कडाडले. ‘‘बिल माफ हाय. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपाला एप्रिलपासून सरकारनं वीज फुकट केलीया. तुज्या हिशेबात शून्य लिही शून्य!’’

भाचेबुवा गप्प बसले. आणि इथे मला त्याच्या धंद्याची खरी अडचण उमगली. डाळमिलमध्ये युनिटाला किंमत होती, म्हणून मुगाएवढे भोक बुजवायला मालक धावला. इथे युनिटाला किंमतच नव्हती, मग सल्लागाराने विकायचे तरी काय?

दाजींचे पुढचे म्हणणे खोडायला मला तर जमले नसते. ‘‘मामा, तुमीच सांगा. सोयाबीन काढलं, भाव पडला. तूर केली, धुक्यानं फुलोरा गळाला. ऊस कसा का असंना, एकदा लावला की कारखाना नेतो, दर सरकारनं बांधून दिलेला. टनाला चौतीसशे म्हणतात, तोडणी-वाहतूक जाऊन कमी येतो, पण येतो. एकरी पस्तीस-चाळीस टन निघतो माजा. ह्यो म्हणतो ऊस नको. मग काय करू, ह्याच्यावानी लोकाच्या मिलमदी कान लावून बसू?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचेबुवांनी आपल्या पद्धतीने प्रयत्न केला. बोअरच्या तोंडाशी दोनशे लिटरचे पिंप ठेवले आणि मोटर चालू केली. चांगला बोअर असता तर साडेतीन मिनिटांत पिंप भरले असते. पाणी दोन मिनिटे जोरात आले, मग गुळण्या टाकू लागले, मग नुसती हवा, मग पुन्हा पाणी. पिंप भरायला अकरा मिनिटे लागली. आणि हे भरल्या पावसाळ्यानंतर! ‘‘अप्पा, ही मोटर पाणी कमी आणि वारा जास्त ओढायलीय.’’ दाजींचा पारा चढला. ‘‘म्हणूनच तर नवा मारायचा म्हणतोय!’’ हिशेब बरोबर होता, पण त्यातून निघालेले उत्तर उलटे. मी कपाळाला हात लावला.

दुपारी दाजी मला गाव दाखवायला घेऊन निघाले. हे गाव किल्लारीच्या टापूतले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती बोळवून थकलेली माणसे झोपली होती. जुन्या घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या, दगड आणि मातीच्या. वर जाड मातीचे माळवद. उन्हाळ्यात ती घरे अशी गार असत की पंख्याची आठवण होऊ नये. त्या पहाटे तीच माळवदे माणसांवर बसली. त्या टापूत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. दाजींची आई त्यांत गेली. आता पुनर्वसनातले सिमेंटचे घर. एप्रिल-मे महिन्यांत भट्टीसारखे तापते, आणि त्यात चार पंखे फिरतात.

‘‘ह्यो मला एकदा म्हणाला, माळवद बरं होतं, वीज लागत नव्हती,’’ दाजी खाली पाहत म्हणाले. ‘‘मी बोललो न्हाई. पर मामा, मला अजून रातचं वर बघावं लागतं, छप्पर जागेवर हाय का न्हाई म्हणून.’’

मागून भाचेबुवा येत होते. त्यांनी हे ऐकले असावे. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग तो पुढे येऊन म्हणाला, ‘‘अप्पा, ते मी चुकीचं बोललो होतो. घर आधी माणसाला राखायला हवं. गारवा मग.’’ वडिलांची अशी क्षमा मागताना मी त्याला प्रथमच पाहिले.

चालता चालता आम्ही गावाच्या जुन्या बारवेशी आलो. भाचेबुवांचा हात सवयीने वहीकडे गेला. तो उतरू लागला, मोजत मोजत. ‘‘एकोणीस,’’ त्याने खालून हाक दिली. वर उभे असलेले दाजी स्वतःशीच म्हणाले, ‘‘मी पोरगा होतो तवा दसऱ्याला सहावी पायरी बुडालेली असायची. सहाव्या पायरीवर माजी आई कपडे धुवायची.’’ मग मोठ्याने विचारले, ‘‘कितवी म्हणालास?’’

‘‘एकोणिसावी, अप्पा. यंदा पाऊस चांगला झाला म्हणून. गेल्या साली या दिवसांत तळ होता.’’ आणि त्याने वही वर आणून दाखवली. सात वर्षांच्या दसऱ्याच्या पायऱ्या एकाखाली एक लिहिलेल्या होत्या. बिनउपयोगाचा छंद! दाजींनी चष्मा लावून ते पान वाचले. त्यात युनिट नव्हते, हॉर्सपॉवर नव्हती. त्यांच्या आईची पायरी होती, आणि तिच्याखाली उघडी पडत गेलेली बारव होती.

बराच वेळ गेला. मग मुलगाच बोलला, पण आता आवाज वेगळा होता. ‘‘अप्पा, सोळा सालचं आठवतं? लातूरला आगगाडीनं पाणी आलं तो उन्हाळा. सगळ्या वस्तीत आपलाच बोअर तेवढा चालू होता. तुम्ही उसाचं पाणी तोडलंत आणि पाइप रस्त्यावर सोडलात. सगळी वस्ती आपल्या दारात घागरी लावायची. दीड एकर ऊस डोळ्यांदेखत वाळला, तुम्ही हूं की चूं केलं नाही. मी तेव्हा पुण्यात होतो. आईनं फोनवर सांगितलं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपण परत जावं.’’

दाजींना हे कारण बहुधा ठाऊक नव्हते. ते नुसते पाहत राहिले.

‘‘आठशे फुटांवरचं पाणी उसाला दिलं आणि पुन्हा सोळा सालासारखा उन्हाळा आला, तर त्या घागरींना काय देणार?’’

सगळ्या वहीतला हिशेब जे करू शकला नाही ते घागरींनी केले. मला एक गोष्ट कळली, ती सांगतो. वीज फुकट करता येते, सरकार ते करू शकते. उन्हावर चालणारा सौर पंप बसवला की तिला बिलही उरत नाही, आणि तो चांगलाच आहे. रात्री-अपरात्री साप-विंचवांत दारे धरायला जावे लागत नाही. पण खालचे पाणी फुकट करता येत नाही. ते मोजायला शेतात मीटर नाही. त्याचे मीटर बारवेच्या पायऱ्या, आणि त्याचे बिल येते ते घागर घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईला.

रात्री बाप-लेक एका ताटाला बसले. आक्काने दोघांना एकाच पातेल्यातली बोरसुरीची डाळ वाढली. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या या तुरीला २०२४ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे भाचेबुवांनी सांगितले. दाजी म्हणाले, ‘‘मानांकनानं भाव मिळतोय व्हय?’’ प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मुलापाशी नव्हते, आणि माझ्यापाशीही नव्हते. पण प्रश्न विचारताना आवाजात राग नव्हता.

वाचकांना वाटेल, दाजींनी ऊस मोडला असेल. छे! गोष्टीत तसे होते, शिवारात होत नाही. दोन एकर ऊस राहिला. मात्र पाटाने पाणी सोडायचे बंद करून त्याला ठिबक बसवायचे ठरले. पाचट जाळायचे नाही, सरीतच पसरून टाकायचे, म्हणजे जमीन झाकून राहते आणि ओल टिकते, हे दाजींनी स्वतः सुचवले. बोअरची गाडी मात्र रद्द झाली. त्यासाठी दिलेला विसार बुडाला. दाजी त्याबद्दल मुलाला अजून ऐकवतात.

मार्गशीर्षाच्या अमावास्येला मी पुन्हा गेलो. तिकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप उभारायची, पांडवांची पूजा करायची, आणि मग भज्जी, उंडे, आंबील. मला दोन वाट्या आंबील पाजून दाजींनी शेत दाखवायला नेले. मोकळ्या राहिलेल्या दोन एकरांत हरभरा टिचभर वर आला होता. मग हळूच विचारले, ‘‘मामा, बारवेकडं जाऊन येऊ का?’’

आम्ही गेलो. भाचेबुवा बरोबर नव्हते. दाजी एकटेच पायऱ्या उतरले, आणि खालून त्यांचा आवाज आला, ‘‘एकवीस!’’ वर येऊन धोतराला हात पुसत म्हणाले, ‘‘पोराला सांगा, वहीत लिहून ठेव म्हणावं. तारीख घालून.’’